पुण्याच्या नावाचे कैदी

येरवडा हे गावाचे नाव मराठी बोलण्यात केव्हाच सामान्यनाम होऊन बसले आहे. एखादा 'येरवड्याला गेला' म्हटले, की तुरुंगात गेला की वेड्यांच्या इस्पितळात, एवढाच प्रश्न उरतो. तथापि त्या तुरुंगाच्या वाट्याला जे कैदी आले, त्यांच्यामुळे त्याला इतिहासात मानाचे स्थान मिळाले. १८९८ साली लोकमान्य टिळक येथे होते आणि त्यांच्या सुटकेसाठी थेट मॅक्समुल्लरने रदबदली केली होती. गांधीजींचा येथला मुक्काम १९२२ पासून पुन्हा पुन्हा घडला; १९३२ च्या सप्टेंबरातला पुणे करार याच भिंतींच्या आत झाला. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेपूर्वी सावरकरही काही काळ येथेच होते. हे सारे लिहिते-वाचते कैदी होते. त्यांची पत्रे छापली गेली, आठवणी छापल्या गेल्या, त्यांनी कोणत्या दिवशी उपोषण धरले आणि कोणत्या दिवशी सोडले याची तिथीवार नोंद झाली.

याच पुण्याच्या नावाने कैदेत गेलेला आणखी एक मोठा समूह आहे. त्याची संख्या तेरा हजारांच्या आसपास होती. त्यांपैकी दहा हजारांहून अधिक हिंदी होते आणि त्यांत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. हे कैदी येरवड्यात नव्हते. त्यांची कैद तैग्रिस नदीच्या काठी सुरू झाली आणि त्यांच्यातील कित्येकांच्या बाबतीत ती कोठे संपली, हे कोणालाही सांगता आलेले नाही. हिंदी लष्कराच्या सहाव्या म्हणजे 'पूना' डिव्हिजनचे हे सैनिक २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या हाती पडले. ब्रिटिशांच्या लष्करी इतिहासात या शरणागतीवर ग्रंथांच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. ज्या शहराचे नाव त्या डिव्हिजनने मिरवले, तेथे मात्र तिचा उल्लेख क्वचितच कोणी करतो.

किचनेरच्या लष्करी फेररचनेत १९०३ साली ही डिव्हिजन उभी राहिली व पुणे हे तिचे ठाणे ठरले. तिच्यात पंजाबी होते, राजपूत होते, गुरखे होते आणि डॉर्सेट, नॉरफोक यांसारख्या गोऱ्या पलटणीही होत्या. तेव्हा ती सर्वस्वी पुणेकरांची होती असे समजण्याचे कारण नाही. परंतु १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या आणि येरवड्याहून मुळा ओलांडली की लागणाऱ्या खडकीच्या छावणीतील बॉम्बे सॅपर्सच्या १७ व २२ क्रमांकांच्या कंपन्याही होत्या. मराठा पलटणींत कोकणातले मराठे, घाटावरचे मराठे आणि दख्खनी मुसलमान अशी भरती असे. शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. रत्नागिरी-साताऱ्याकडील पाऊस आणि सावकार यांच्या कात्रीत सापडलेल्या घरांना त्या अकरा रुपयांचे मोल काय होते, हे निराळे सांगायला नको.

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी या डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून बोटीवर चढली. तीत ११७ वी मराठा पलटण होती. आबादानच्या तेलाचे रक्षण हा मोहिमेचा मूळ हेतू. ज्या कंपनीचे ते तेल होते, तिच्यात ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी निम्म्याहून अधिक वाटा घेतला होता. नोव्हेंबरात फाओ पडले, त्याच महिन्यात बसरा पडले. येथे थांबले असते तर हेतू साधला होता. पण विजय स्वस्तात मिळत गेले की सेनापतींची भूक वाढते. १९१५ च्या जूनमध्ये अमारा आणि सप्टेंबरअखेर कुत घेतल्यावर बगदादचे मनोरे सर्वांना दिसू लागले. वर चढत जाणाऱ्या सैन्यामागे नावा नाहीत, गाड्या नाहीत, इस्पितळे नाहीत, याची जाणीव हिंदुस्थान सरकारला करून देणारे लोक होते; त्यांचे ऐकले गेले नाही. सिमल्यात बसून काटकसर करण्यात त्या सरकारचा हातखंडा होता.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे जनरल टाउनशेंड याने हल्ला केला आणि तीन-चार दिवसांत आपल्या सैन्याचा तिसरा हिस्सा तरी गमावला. जखमींना उघड्या पडावांवर लोटून नदीने खाली आणले. त्यांच्यातील काही जण दोन आठवड्यांनी बसऱ्याला पोहोचले, तेव्हा त्यांच्या जखमांची जी अवस्था होती तिचे वर्णन मेजर कार्टर या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टराने पुढे चौकशी आयोगापुढे केले. ते वाचवत नाही. उरलेली डिव्हिजन ३ डिसेंबरला कुतला परतली आणि चार दिवसांत तुर्कांनी वेढा पुरा केला.

कुत म्हणजे नदीच्या वळणात वसलेले एक गलिच्छ गाव. ईशान्येच्या टोकाला मातीचा एक किल्ला होता. नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी त्याच्या भिंतीला खिंडार पाडून निकराचा हल्ला चढवला. तो परतवणाऱ्यांत १०३ वी मराठा पलटण होती. नदीच्या पलीकडच्या काठावर लोकरीच्या गाठी बांधण्याचा कारखाना असलेले एक खेडे होते. ते ११० वी मराठा आणि १२० वी पलटण यांच्या ताब्यात होते. मुख्य ठाण्यापासून नदीने तोडलेल्या त्या जागी या लोकांनी वेढ्याचे सारे महिने काढले. पुढे तैग्रिसला पूर आला, तेव्हा खंदक पाण्याखाली गेले.

वेढा १४७ दिवस चालला. शिध्याचे माप आठवड्यागणिक उतरत गेले आणि अखेरीस माणशी चार औंस पिठावर, म्हणजे धड दोन भाकरीही होणार नाहीत एवढ्या पिठावर येऊन ठेपले. घोडे आणि खेचरे मारून खाण्यास गोऱ्या पलटणींनी लौकरच सुरुवात केली होती. हिंदी शिपायांनी ते मांस महिनोन् महिने नाकारले. टाउनशेंडने पुढे लिहिलेल्या आत्मसमर्थनात याचा राग धरला आहे आणि हिंदी सैनिकांच्या हटवादामुळे आपल्याला अन्न अपुरे पडले, असा एकंदर सूर लावला आहे. हा आरोप तपासून पाहण्यासारखा आहे. कोकणातल्या मराठ्याला मांसमच्छीचे वावडे नव्हते. त्याची भीती वेगळी होती. घोड्याचे मांस खाल्ल्याची बातमी गावी पोहोचली, तर भाऊबंद पंगतीला बसवतील काय, मुलींना सोयरीक मिळेल काय, ही ती भीती होती. १९१६ सालच्या खेड्यात ती मुळीच अनाठायी नव्हती. मोहीम बगदादपर्यंत नेण्याचा हट्ट ज्यांनी केला त्यांना तिचा हिशोब कोणी विचारला नाही आणि खेचर खाण्यास कचरणाऱ्या शिपायावर मात्र ठपका आला. हिंदुस्थानातील धर्मगुरूंच्या अनुज्ञा बिनतारी संदेशाने मिळवल्या गेल्या. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक हिंदी सैनिक ते मांस खाऊ लागले. पण तोवर स्कर्व्हीने शेकडो जणांच्या हिरड्या सडवल्या होत्या आणि पहारा करताना बसल्या जागी माणसे मरत होती.

सुटकेसाठी आलेल्या फौजेची तेवीस हजारांवर माणसे कुतच्या वाटेवर जायबंदी झाली किंवा मेली. विमानांतून पोती टाकण्याचा प्रयोग झाला. अन्न घेऊन निघालेली 'जुल्नार' ही आगबोट नदीत अडकून पकडली गेली. शेवटचा उपाय म्हणून तुर्कांना दहा लाख आणि नंतर वीस लाख पौंड देऊ करण्यात आले. त्या वाटाघाटींसाठी गेलेल्यांत पुढे अरबस्तानच्या कथांनी गाजलेला लॉरेन्स होता. तुर्कांनी पैसे नाकारले आणि ही गोष्ट जगभर जाहीर केली.

या तारखांना महाराष्ट्रात काय चालले होते हे पाहणे उद्बोधक आहे. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. दुसऱ्या दिवशी कुत पडले. मराठी माणूस स्वराज्याचा पहिला संघटित उच्चार करीत होता, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मराठा पलटणी आपल्या बंदुका मोडून नदीत फेकत होत्या. बेळगाव पुढे याच पलटणींचे घर झाले, हा आणखी एक योगायोग.

शरण आलेल्यांची विभागणी लगेच झाली. टाउनशेंडला मानाने इस्तंबूलला नेण्यात आले. तेथील समुद्रातल्या बेटावर त्याला बंगला, नोकर आणि फिरण्याची मोकळीक मिळाली; कैदेत असतानाच त्याला 'सर' ही पदवीही मिळाली. त्याच्या लाडक्या कुत्र्याला तुर्कांनी ब्रिटिश हद्दीत पोहोचवून दिले. जवळजवळ पाच महिन्यांच्या उपाशी शिपायांना नदीने आठ-नऊ मैल वर चालवून उघड्या माळावर बसवले आणि दगडासारखी कडक बिस्किटे दिली. ती भिजवून अधाशीपणाने खाल्ल्यावर हगवणीने शेकडो मेले. मेच्या पहिल्या आठवड्यात पायी कूच सुरू झाले. बगदाद शंभर मैल. तेथून सामर्‍यापर्यंत आगगाडी होती. पुढे तिक्रित, मोसुल, नुसैबिन, रास-अल-ऐन असा पाचशे किलोमीटरांहून अधिक वाळवंटी रस्ता आणि जूनचे ऊन. पहारेकऱ्यांनी बूट काढून घेतले, पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. जो मागे पडे त्याचे काय होई हे पुढच्या रांगेला मागे वळून पाहण्याची शक्ती असती तर कळले असते. जनरल मेलिस हा आजारपणामुळे मागाहून निघालेला अधिकारी होता. वाटेवरच्या मातीच्या झोपड्यांतून मरायला टाकलेले सैनिक त्याने पाहिले आणि तुर्की युद्धमंत्री एन्व्हर पाशाकडे निषेध नोंदवला. असा निषेध करणारा वरिष्ठ अधिकारी निघाला, ही या कहाणीतील थोड्या समाधानाच्या गोष्टींपैकी एक आहे.

येथे कैद्यांची धर्मावरही वाटणी झाली. खलिफाच्या बाजूला वळवता येतील या आशेने मुसलमान हिंदी अधिकाऱ्यांना वेगळे काढून एस्कीशहर येथे ठेवले, हिंदू अधिकाऱ्यांना कोन्या येथे पाठवले. एकाच पलटणीतले, एकाच तालुक्यातले, एकमेकांना काका-मामा म्हणणारे लोक असे दोन तळांवर गेले. साध्या शिपायांपैकी मोठा भाग रास-अल-ऐनला थांबवण्यात आला. बर्लिन-बगदाद रेल्वेचे टोक तेव्हा तेथवर आले होते आणि जर्मन इंजिनिअरांना मजूर हवे होते. रूळ वाहणे, खडी फोडणे, भराव घालणे हे काम दोन वर्षे चालले. याच रास-अल-ऐनच्या परिसरात त्या सुमारास आर्मेनियन निर्वासितांचे तांडेच्या तांडे संपवले जात होते. जवळच दुसऱ्या एका समाजाचा नाश चालू आहे हे या हिंदी कैद्यांना दिसत होते. १९१६-१७ च्या हिवाळ्यात तापाची साथ आली. पांघरूण नव्हते, औषध नव्हते.

त्या छावणीत कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी नावाचा बंगाली डॉक्टर होता. रुग्णांची सेवा करता करता तो १९१७ च्या मार्चमध्ये रास-अल-ऐन येथेच टायफसने मेला. त्याची पत्रे त्याच्या घरच्यांनी जपली आणि १९२८ साली 'कल्याण-प्रदीप' या पुस्तकात ती प्रसिद्ध झाली. बंगालच्या रुग्णवाहक पथकातला शिशिर सर्वाधिकारी हा तरुण त्याच कैदेतून जिवंत परतला आणि १९५० नंतरच्या दशकात त्याने आपल्या आठवणी 'अभी ले बगदाद' या नावाने छापल्या. मूठभर शिकलेल्या बंगाली मुलांनी ही कैद आपल्या भाषेत आणून ठेवली. इंग्रज अधिकाऱ्यांपैकी सँडिस, माउस्ली वगैरे अनेकांनी पुस्तके लिहिली. मराठा पलटणींचा शिपाई बहुधा निरक्षर होता. गावी जाणारे त्याचे पत्रही दुसऱ्याच्या हातून लिहिले जाई. पुण्याच्या छापखान्यांतून त्या काळी किती कागद बाहेर पडत होता हे ध्यानात घेतले, तर परतलेल्या शिपायांना गाठून त्यांच्या तोंडची हकीकत उतरवून घेण्याचे काम येथील शिकलेल्या वर्गाने केले असते तर ते अवघड नव्हते. स्वराज्याचा विचार करणाऱ्यांना सरकारच्या पलटणीतला शिपाई आपला वाटला नाही आणि सरकारला तो कागदावरच्या आकड्यापलीकडे दिसला नाही.

आकडे असे आहेत. सुमारे २६०० गोऱ्या शिपायांपैकी १७५० कैदेत मेले. हिंदी सैनिक व बाजारबुणगे मिळून दहा हजारांवर होते. त्यांतील अडीच ते तीन हजार परतले नाहीत. गोऱ्यांच्या मानाने हे प्रमाण कमी भरते, याचा आधार घेऊन हिंदी कैद्यांचे बरे चालले होते असे म्हणणारेही झाले. पण या मृतांतील मोठा हिस्सा 'पत्ता लागला नाही' या सदरात मोडतो. 'पत्ता लागला नाही' हे तीन शब्द रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत पोहोचल्यावर त्या घरातील बाईने कुंकू पुसायचे की ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही लष्करी कचेरीजवळ नव्हते.

कुतचे राजकीय परिणाम मात्र दूरवर गेले. मेसोपोटेमियाच्या गोंधळाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थान सरकारच्या कारभाराचे त्यात जे धिंडवडे निघाले, त्यामुळे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन याला जुलैत राजीनामा द्यावा लागला. त्याच्या जागी माँटेग्यू आला आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी त्याने जबाबदार राज्यपद्धतीची सुप्रसिद्ध घोषणा केली. ही घोषणा शाळेच्या पुस्तकात आहे. तिच्यामागे होमरूलची चळवळ होती, लखनौ करार होता, हे खरेच. पण ज्या माणसाने ती केली तो त्या खुर्चीवर बसला तो कुतमुळे. १९१९ च्या सुधारणांपर्यंत जाणाऱ्या या साखळीची एक कडी मराठा शिपायांच्या हाडांची आहे, हे लिहून ठेवण्याचे कष्ट आपल्या इतिहासकारांनी फारसे घेतलेले नाहीत. जाता जाता हेही सांगितले पाहिजे, की कुत पडल्यावर माणसांचा तुटवडा भासू लागला तेव्हा १९१६ पासून हिंदुस्थानातील तुरुंगांतल्या कैद्यांना माफीचे आश्वासन देऊन मेसोपोटेमियात मजुरीसाठी नेण्यात आले. सैनिक कैदी झाले आणि कैदी सैन्याबरोबर गेले.

स्मारकांची वानवा आहे असे नाही. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी शाहू महाराजांच्या पुढाकाराने पुण्यात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते शिवछत्रपतींच्या स्मारकाची आणि त्याचबरोबर मराठा युद्धस्मारकाची कोनशिला बसवण्यात आली. कुतमध्ये संपलेल्या तिन्ही पलटणी नव्याने उभ्या करण्यात आल्या. १९२२ च्या फेररचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत सामावल्या गेल्या आणि ११७ व्या पलटणीला 'रॉयल' हा किताब मिळाला. 'डिफेन्स ऑफ कुत-अल-अमारा' हा युद्धसन्मान रेजिमेंट आजही बाळगते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे.

येरवड्याहून होळकर पुलाने खडकीकडे उतरले, की युद्धात मेलेल्यांची दफनभूमी लागते. हिरवळ कापलेली असते, शिळा एका ओळीत असतात, प्रत्येक शिळेवर नाव, पलटण आणि तारीख असते. दुसऱ्या महायुद्धातील १६६८ जणांच्या या शिळा आहेत. शेजारीच पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. हिंदुस्थानात ठिकठिकाणी पुरलेल्या, पण ज्यांच्या कबरींची निगा राखणे पुढे अशक्य झाले, अशा अठराशेंहून अधिक सैनिकांची आठवण त्यावर आहे. त्यांतील ६२९ जणांचे अवशेष १९६२ साली मुंबईच्या शिवडीहून येथे आणून पुन्हा पुरण्यात आले. परक्या देशात मेलेल्या माणसाची राष्ट्राने किती काळजी घ्यावी याचा हा उत्तम नमुना आहे आणि त्याबद्दल कोणी असूया बाळगू नये.

पुण्याच्या डिव्हिजनच्या मृतांचे स्मारक बसऱ्याला आहे. १९२९ साली ते शत-अल-अरब नदीकाठच्या माकिल येथील नाविक गोदीजवळ उभारले गेले. चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी असलेल्या त्या स्मारकाच्या शिळांवर गोऱ्या शिपायांची नावे कोरली आहेत. हिंदी सैनिकांपैकी फक्त अधिकाऱ्यांची. साध्या शिपायाला आपले नाव कोरले जाण्याचे अगत्य नसते, असा तर्क त्या काळी करण्यात आला. युद्धस्मशानांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच इतिहासाची चौकशी प्रसिद्ध केली आणि पहिल्या महायुद्धातील पंचेचाळीस ते चौपन्न हजार सैनिकांच्या बाबतीत असा भेदभाव झाल्याचे, तसेच लाखाहून अधिक मृतांची नावाने कोठेच नोंद झाली नसल्याचे मान्य करून क्षमा मागितली. हिंदी सैनिक या दोन्ही गटांत होते.

मधल्या काळात ते स्मारकही जागेवर राहिले नाही. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते उचलून बसऱ्यापासून बत्तीस किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्यालगत, आखाती युद्धाच्या रणभूमीवर नेऊन पुन्हा बांधण्यात आले. तेथे मराठा पलटणींच्या शिळांवर सुभेदार आणि जमादार यांची नावे आहेत. त्यांच्याखाली 'आणि इतर हिंदी सैनिक' असे लिहून एक आकडा घातला आहे.